कान्हेरीचा पावसाळी जमाखर्च

पाऊस सुरू झाला की मुंबईचा माणूस दोन कामे न चुकता करतो. सकाळच्या पेपरात तलावांची पातळी पाहतो आणि येत्या रविवारी कुठे भिजायला जायचे याची चौकशी करतो. जूनमध्ये पाणीकपात, जुलैमध्ये रुळांवर पाणी आणि ऑगस्टमध्ये ‘आता पुरे रे बाबा’ असा आपला तीन अंकी पावसाळा. २०२४ साली जूनच्या पहिल्या आठवड्यात दहा टक्के कपात आली, तेव्हा आमच्या घरातल्या जुन्या पिंपाला एकदम जावयाचा मान मिळाला. जुलैच्या अखेरीस तलाव भरत आले, कपात उठली आणि पिंप पुन्हा गॅलरीत जाऊन बसले.

त्यानंतरच्या एका रविवारसाठी आमच्या घरी सर्वपक्षीय बैठक बसली. सौ.चे मत लोणावळ्याला, थोरलीचे समुद्रावर आणि धाकट्याचे जिथे गरम वडापाव मिळेल तिथे. शेवटी आईने निकाल दिला, “वर्षावास चालू आहे. पावसातच फिरायचं तर लेणीवर चला. धबधब्याखाली लोळायला आपण काय म्हशी आहोत?” आईच्या ठरावाला उपसूचना येत नसते. कान्हेरी एकमताने मंजूर झाली.

बोरिवलीला पूर्वेकडे उतरले की थोड्याच अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक लागते. तिथून लेणी आत सहा-सात किलोमीटरवर. उद्यानाची बस जाते, पण रविवारी तिच्या रांगेत छत्र्यांची जी चकमक होते ती पाहण्यासारखी असते. पुढच्याच्या छत्रीचे पाणी मागच्याच्या शर्टात, आणि मागच्याची काडी पुढच्याच्या कानात. बसमध्ये खिडकीची जागा अर्थातच धाकट्याला. मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार हे तलाव याच जंगलात आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. पेपरात ज्यांची पातळी वाचतो ते तलाव इथेच आहेत असे त्याला सांगितले, तर तो म्हणाला, “मग पप्पा, आपण येताना पिंपच का नाही आणलं?”

कान्हेरी म्हणजे काळा डोंगर. जुन्या लेखांत त्याचे नाव कण्हगिरी, कण्हसेल असे येते. इसवी सनाच्या आगेमागे येथे छिन्नी-हातोड्याचे काम सुरू झाले आणि पुढे हजारभर वर्षे भिक्खूंचा राबता राहिला. लहानमोठी मिळून शंभराहून अधिक लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सर्वांत मोठे, ३४ खांबांचे. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. आईने ओले पाय पुसले, हात जोडले आणि त्रिसरण म्हटले. बाहेर आरडाओरडा करणारी आमची दोन्ही पोरे तिथे आपोआप हळू आवाजात बोलू लागली. घरी हा चमत्कार आम्हाला आजवर साधलेला नाही.

पण वाचकहो, कान्हेरीला पावसातच जावे ते पाण्यासाठी. उन्हाळ्यात गेलात तर दगडात कोरलेल्या पन्हळी नुसत्या रेघोट्या वाटतात. पावसात त्या बोलू लागतात. कातळावरून घरंगळणारे पाणी पन्हळीत येते, पन्हळीतून लेण्याच्या बाजूला कोरलेल्या टाक्यात उतरते. जवळपास प्रत्येक लेण्याला असे आपले टाके. या टाक्याला शिलालेखात ‘पोढी’ म्हणतात. वर्षाचे चार महिने पडणारा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांना पुरवायचा, हा सगळा हिशेब डोंगरावरच मांडलेला आहे. सौ. बराच वेळ एका टाक्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, यांना पहाटे चारला नळासाठी उठावं लागत नसेल.” आम्ही म्हटले, “उठत असतील, पण ध्यानाला.”

आता थोरलीची गोष्ट. हल्ली आपली पुष्कळ मुले-मुली सुट्टीच्या दिवशी धम्मलिपी शिकतात, लेणी पाहायला गटागटाने जातात. आमची थोरलीही अशा एका वर्गाला जाऊन आली आहे. भिंतीवरच्या अक्षरांवरून हवेतच बोट फिरवत ती एकेक अक्षर लावू लागली, “दे… य… ध… म.” देयधम म्हणजे दिलेले दान. कुणी दिले? राजांनीच सगळे दिले असेल असा आमचा समज असतो, पण येथील लेखांत व्यापारी आहेत, गृहस्थांच्या बायका आहेत, भिक्खुणी आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिल्याची नोंद आहे. कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिल्याची नोंद आहे. आज कल्याणहून यायचे तर दादरला गाडी बदलताना माणसाचा जीव अर्धा होतो. तो लोहार बिचारा खाडी आणि जंगल ओलांडून येथे आला आणि पुढच्यांसाठी वाट करून गेला.

हे दान कुणाला, तेही लिहिलेले असते : चातुदिस भिक्खुसंघाला. चारी दिशांनी येणाऱ्या संघाला. कुठला गाव, कुठले कूळ, कुणाचा कोण, ही चौकशी त्या पोढीपाशी नाही. हे थोरलीने वाचून सांगितले तेव्हा आई एवढेच म्हणाली, “आणि महाडला त्याच्यासाठी बाबासाहेबांना जावं लागलं.” २० मार्च १९२७ ही तारीख आमच्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. पण डोंगरातल्या भरलेल्या टाक्यासमोर, पावसात भिजत ती ऐकली की तिचे वजन वेगळे लागते. ज्या मातीत पाणी चारी दिशांना दिले जात होते, त्याच मातीत ते पुढे अडवले गेले.

आम्ही पडलो बी.कॉम.चे कारकून. त्यामुळे आमचे मन शेवटी जमाखर्चाशी येऊन थांबते. एवढ्या भिक्खूंचा पावसाळा चालायचा कसा? त्याला जुना शब्द आहे, अखयनिवि, म्हणजे अक्षयनीवी. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून खर्च भागवायचा. कान्हेरीच्या लेखांतही अशी दाने आहेत, पण आकड्यांचा सर्वांत चोख हिशेब सापडतो तो नाशिकच्या त्रिरश्मी लेणीत. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नहपान राजाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. त्यातून लेणीत वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

बसथांब्याच्या आडोशाला आम्ही हे गणित पोरांना घातले. थोरलीने बोटांवर केले : शेकडा महिना एक म्हणजे वर्षाला बारा, दोन हजारांवर २४०. धाकट्याने दुसरी बाजू केली : वीस गुणिले बारा, २४०. ताळा जुळला! एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. ऑफिसात मार्चअखेरीला आमचा ताळा असा एका फटक्यात कधी जुळत नाही. आणि व्याज पाहा, बारा टक्के. आमच्या वडिलांच्या काळी किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. आज पोस्टाच्या खिडकीवर बारा टक्के मागितले तर खिडकी बंद होईल.

कान्हेरीत नवव्या शतकातलेही लेख आहेत, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या वेळचे. तेव्हा नाणे बदलून द्रम्म झाले होते, पण रीत तीच. त्यात व्याजाची वाटणी खातेवार आहे : चीवरासाठी इतके, विहाराच्या दुरुस्तीसाठी इतके आणि पुस्तकांसाठी इतके. पुस्तकांसाठी! हजार-बाराशे वर्षांपूर्वी, जंगलातल्या डोंगरावर, दुरुस्तीच्या शेजारी पुस्तकांचे खाते.

हे आमच्या मनातून जाईना, कारण आमच्या वस्तीतल्या विहाराचा जमाखर्चही आमच्याच हाताने लिहिला जातो. जयंतीच्या मंडपाला आणि आवाजाच्या भिंतींना वर्गणी दारात चालत येते. पत्र्याच्या गळतीसाठी पावती फाडायला गेले की ‘पुढच्या महिन्यात या’ होते. पुस्तकांच्या कपाटाचे तर नावच नको. दर वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते, वाचणाऱ्याच्या डोक्यावर एक जण छत्री धरतो आणि ग्रंथावर दुसरा. ज्यांनी आपल्या ग्रंथांसाठी राजगृह बांधले, त्यांचा ग्रंथ आपण असा वाचतो. हौस करू नये असे आम्ही म्हणत नाही. वाजवा, नाचा, निळे व्हा. पण वहीत दुरुस्ती आणि पुस्तके ही दोन खाती उघडा, आणि त्यात हौसेच्या निम्मे तरी जमा करा.

परतीच्या बसमध्ये सौ.ने डब्यातली भाकरी आणि सुकट काढली. सुकटीच्या वासाने आधी चारजण मागे वळले, नंतर दोघांनी हात पुढे केला. बाहेर माकडे वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या चाटत होती. सोनार पोढी देऊन गेला, लोहार वाट देऊन गेला, आणि आपण पिशव्या देऊन जातो. त्यावर नाव कोरलेले नसते एवढेच बरे.

२०२२ च्या बुद्ध पौर्णिमेला कान्हेरीत पर्यटकांच्या नव्या सोयींचे उद्घाटन झाले आहे, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायला हरकत नाही. आमच्या आईने छत्रीच्या काठीवर पायऱ्या चढून दाखवल्या. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ, आणि पन्हळी वाहतात त्याही तेव्हाच. सोबत पोरे न्या, त्यांना बारा टक्क्यांचे गणित घाला, रिकाम्या पिशव्या घरी परत आणा. फक्त सोमवारी जाऊ नका. सोमवारी उद्यान बंद असते, आणि आमच्यासारख्यांना ऑफिस असते.