नागपूरचा भाव, जबलपूरचा मटार

मटाराचा हंगाम सुरू झाला की पाटण, शहपुरा, सिहोऱ्याकडून जबलपूरच्या मंडीत गाड्यांवर गाड्या येतात आणि त्यातला बराच माल पुढे नागपूरकडे निघतो. आमच्या ओळखीच्या एका आडत्याने मला विचारलं, "दीदी, नागपुर टूटता है, तो हम कितने दिन में टूटते हैं?" म्हणजे नागपूरचा भाव पडला की जबलपूरचा किती दिवसांत पडतो? त्याच्या मते दोन दिवसांत. त्याच्या धाकट्या भावाच्या मते त्याच संध्याकाळी. दोघांचंही आयुष्य मंडीत गेलेलं, त्यामुळे कुणाचंच म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. नोंदी काय सांगतात ते बघावं, असं मी ठरवलं.

नोंदी सरकारकडे आहेत. केंद्राच्या ॲगमार्कनेटवर 2000 सालापासून देशभरच्या बाजार समित्यांचे भाव जमा होत आले आहेत. तारीख, मंडी, जिन्नस, वाण, किमान भाव, कमाल भाव आणि मोडल भाव, म्हणजे ज्या भावाने सर्वाधिक माल गेला तो. एका मंडीचा मटार एक्सेलमध्ये आरामात मावतो, आणि तेवढंच काम असेल तर कुणी क्लाउडच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण एक्सेलचं पान 10,48,576 ओळींवर संपतं. मला नागपूरच्या कळमन्यापासून हैदराबादपर्यंतच्या मंड्या हव्या होत्या, शिवाय ताडून बघायला इतर भाज्याही. म्हणून गूगलच्या क्लाउडवरच्या बिगक्वेरी या डेटा-कोठाराकडे वळले.

सर्व्हर, डिस्क, बॅकअप यांतलं काहीच आपल्याला सांभाळावं लागत नाही, ही एकटीने काम करणाऱ्या माणसाची फार मोठी सोय. सँडबॉक्स या तिच्या फुकट रूपात तर कार्डाचा नंबरही न देता 10 जीबी साठवण आणि दरमहा 1 टीबीपर्यंत डेटा वाचण्याची मुभा मिळते. सुरुवातीलाच विचारलं जातं ते ठिकाण. डेटासेट एकदा एका प्रदेशात उघडला की तिथेच राहतो, म्हणून नीट विचार करून मुंबई निवडली.

फाइल चढवताना खरी गाठ पडते ती तारखांशी. आपल्याकडे 03/01 म्हणजे तीन जानेवारी. बिगक्वेरीला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं हवं असतं. मी तो रकाना आधी साधा मजकूर म्हणून घेतला आणि आत गेल्यावर ‘पार्स डेट’ लावून त्याची तारीख केली. मग नावं. हिरवा मटार कुठे ‘ग्रीन पीज’, कुठे ‘पीज वेट’. वाळलेला वाटाणा मात्र वेगळा जिन्नस, तो यात मिसळता कामा नये. ही जुळणी कुठलंही यंत्र आपणहून करून देत नाही. त्यासाठी मंडीतल्या माणसालाच शेजारी बसवावं लागतं, आणि मी बसवलंही. सगळ्या कामात ती दुपार मला सर्वांत मोलाची वाटते.

बिगक्वेरीचं यंत्र चालतं कसं, ते समजलं की खर्चाचं कोडं आपोआप सुटतं. गूगलच्या आत 2006 पासून वापरात असलेल्या आणि 2010 साली शोधनिबंधातून जगापुढे आलेल्या ड्रेमेल या प्रणालीवर ते उभं आहे. त्यात डेटा ओळीओळीने नाही, रकान्यारकान्याने ठेवलेला असतो. दिवाणजी खातेवहीत फक्त भावाच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली यावा, तसं ते वाचतं. बाकीच्या रकान्यांना हातच लावत नाही. आकारणीही वाचलेल्या बाइट्सवर. तेव्हा ‘सिलेक्ट स्टार’ लिहिलं की सगळी वही वाचली जाणार, आणि साध्या टेबलावर शेवटी ‘लिमिट 10’ जोडून त्यात एका बाइटचीही बचत होत नाही. नमुन्याच्या ओळी बघायच्या तर ‘प्रिव्ह्यू’ फुकट आहे. क्वेरी चालवण्याआधीच ती किती डेटा वाचणार, हे खिडकीत हिरव्या खुणेशेजारी लिहून येतं. मी त्या आकड्याकडे बघितल्याशिवाय पुढे जात नाही. मंडी, तारीख आणि मोडल भाव एवढेच रकाने मागितले की तो आकडा लक्षात येण्याइतका खाली उतरतो.

तारखेनुसार टेबलाचे भाग पाडले, म्हणजे पार्टिशन केलं, तर वाचन आणखी कमी होतं. पण सँडबॉक्समध्ये भागांना 60 दिवसांचं आयुष्य असतं आणि ते त्या भागाच्या तारखेपासून मोजतात. मागच्या हंगामांच्या नोंदी अशा टेबलात टाकल्या तर टिकणारच नाहीत. ऐतिहासिक डेटा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचून घ्यावं. बिलिंग जोडेपर्यंत मी टेबल अखंडच ठेवणार आहे. तेही 60 दिवसांनी जातं, म्हणून मूळ फाइली घरच्या डिस्कवर आहेत.

आडत्याच्या प्रश्नाची क्वेरी लिहायला घेतली तेव्हा अडचण निघाली सुट्ट्यांची. नागपूरची मंडी बंद आणि जबलपूरची चालू, किंवा उलट. अशा दिवशी ‘आदल्या दिवसाचा भाव’ म्हणजे नेमका कुठला? आडत्याला विचारलं. तो म्हणाला, बंदच्या दिवशीही फोनवर भाव सुरूच असतो. तो फोनवरचा भाव कुठल्याच फाइलीत नाही. म्हणून मी फक्त असे दिवस घेतले ज्या दिवशी दोन्ही मंड्यांची नोंद आहे, आणि डिसेंबर-जानेवारीतली पडझड वेगळी काढली; आवक वाढल्यावर दोन्हीकडे भाव उतरतोच, त्याला नागपूरचा धक्का म्हणणं बरोबर नाही.

निकालाचा तक्ता दोघा भावांसमोर ठेवला. थोरल्याने आधी दिवस बघितले, मग विचारलं, यात आवक कुठे आहे? बरोबर होतं त्याचं. किती क्विंटल माल आला हे न बघता भावाची चाल वाचणं अपुरंच. आता आवकेचे आकडे जोडते आहे. हंगामाआधी बिलिंग सुरू करून दर क्वेरीला वाचनाची कमाल मर्यादा घालून देणार आहे, म्हणजे रोजचा ताजा भाव टेबलात भरता येईल आणि धाकट्यालाही स्वतः क्वेरी चालवून बघता येईल.