तकोव्याचा मेंढपाळ

देवळात होम, नवस, भजन यथासांग चालले असताना रानातल्या एखाद्या माणसाने येऊन 'ही पूजा देवाला नको आहे' असे सांगितले तर काय होईल? सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वी इस्राएलात हे घडले. सांगणाऱ्याचे नाव आमोस.

त्याच्या कथेतले एक नाव जालन्याला परके नाही. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे जालन्यास आले. त्यांनी शहराजवळ 'बेथेल' ही वसाहत उभारली. अस्पृश्य मानलेल्या मांग समाजातील लोकांमध्ये त्यांचे मोठे काम होते. बेथेल म्हणजे देवाचे घर. मात्र मूळ बेथेलच्या देवळातूनच आमोसाला निघून जाण्यास फर्मावले होते.

आमोस यहूदातील तकोवा गावचा. मेंढरे राखणारा, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा. संदेष्ट्याच्या घराण्यात आपला जन्म नाही, हे तो स्वतःच सांगतो. इ. स. पूर्व ७६० च्या सुमारास तो उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात गेला. तेथे दुसरा यराबाम राज्य करीत होता. शेजारची राज्ये दुबळी झाली होती, व्यापार भरभराटीस आला होता. राजधानी शोमरोनात धनिकांचे पलंग हस्तिदंती होते. विसाव्या शतकातील उत्खननात तेथे हस्तिदंती नक्षीचे तुकडे खरोखरच सापडले. त्याच राज्यात पायताणाच्या जोडासाठी गरीब माणूस विकला जात होता.

आमोसाची बोलण्याची रीत पाहण्यासारखी आहे. आधी तो दमास्कस, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब या शेजाऱ्यांचे अपराध मोजतो. ऐकणारे माना डोलावत असतील. मग यहूदाची पाळी येते आणि शेवटी खुद्द इस्राएलची! कीर्तनकाराने परगावच्या खोड्या सांगता सांगता समोर बसलेल्या पाटलाकडेच बोट करावे, तसे हे झाले. सण कधी सरतो आणि धान्य विकायला कधी काढतो, अशी घाई झालेले व्यापारी तो दाखवतो. त्यांचे माप लहान, वजन भारी आणि गव्हात भुसा.

माझे वडील मोंढ्यात पोती वाहतात. त्यांना अक्षर ओळखत नाही, पण काटा ओळखतो. ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी राजाचे नाव विचारले नाही, साल विचारले नाही.

"मग त्याला हाकललं असंल?"

"हो. पुजारी अमस्या म्हणाला, हे राजाचं देवस्थान आहे, तू तुझ्या मुलखात जाऊन पोट भर."

"आन् काटा? तो सुधरला का?"

काटा सुधारला नाही. इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शुरी सैन्याने शोमरोन घेतले आणि ते राज्यच संपले.

न्यायाला आमोस बारमाही वाहत्या पाण्याची उपमा देतो. त्याच्या मुलखातले ओढे पावसाळा सरला की आटत. कुंडलिकेचे कोरडे पात्र पाहिलेल्या आपल्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. सणापुरती पूजा आणि पावसाळ्यापुरते पाणी यांवर गाव जगत नाही.

आमच्या घरात कॉलेजचे पुस्तक प्रथम माझ्या हाती आले. उद्या आपल्यातले कोणी मास्तर होतील, कोणी कारकून, कोणी अडते. कुठला ना कुठला काटा आपल्याही हाती येईल. तेव्हा तो सरळ धरला जातो की नाही, हे मोंढ्यातला हमाल पाहत असेल.