कडियल

कुठल्याही घरात एखादे जुने, भारी लुगडे असले की त्याच्याभोवती दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, ठेवा. दुसरा म्हणतो, जीर्ण झाले, काढून टाका. आमच्या घरात हे दोन पक्ष म्हणजे मी आणि माझी थोरली बहीण, अक्का. वस्तू होती आईची पैठणी. आई गेल्यावर चौलच्या घरातल्या ट्रंकेतून ती निघाली, तेव्हा घडीघडीवर रेशीम चिरले होते. उचलावी तिथे हातात येत होती. अक्काचे म्हणणे सरळ होते. जुनी जर घेणारे येतात, ते लुगडे जाळून चांदी काढतात. त्यांना देऊन टाकावे आणि पैसे निम्मे निम्मे करावेत. मला निम्मे पैसे नको होते, आणि जाळण्याची कल्पना तर मुळीच सोसत नव्हती. झाले! त्या दिवसापासून दिवाळीला फराळाचे डबे नागावहून चौलला आणि चौलहून नागावला जात, पण डबा घेऊन येणारे माणूस नेहमी तिसरेच असे.

अंग फाटले असले तरी पदर शाबूत होता. एके दुपारी मी तो भिंगाखाली धरला. त्यावरचे पोपट सुईने भरलेले नव्हते. ते विणतानाच तिथे जन्मले होते. आपल्या साध्या कापडात आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. इथे तसे नाही. पोपटाचा हिरवा धागा पोपटापुरताच चालतो, सीमेवर येतो आणि माघारी वळतो. पलीकडून जर येते, तीही तिथूनच वळते. प्रत्येक रंगाची स्वतंत्र कांडी. वळताना मात्र शेजारचे दोन धागे एकमेकांत अडकतात, आणि म्हणून पदराला ना उलट बाजू ना सुलट. काठ आणि अंग निरनिराळ्या धोट्यांनी विणून त्यांच्या सीमेवर अशीच अडकवण करतात, तिला विणकर ‘कडियल’ म्हणतात. एकाच धोट्याने विणले तर ते ‘एकधोटी’.

ही युक्ती एकट्या पैठणची किंवा येवल्याची नव्हे. पॅरिसला १६६२ साली राजाश्रयाने सुरू झालेल्या गोबेलँ कारखान्यात भिंतीवर टांगायची प्रचंड चित्रे याच तत्त्वावर विणली गेली. तिथला विणकर उभ्या मागाच्या मागच्या बाजूला बसतो आणि समोरची बाजू आरशात पाहतो. आमच्या चौललाही एके काळी रेशमाचे माग होते. सोळाव्या शतकात आलेल्या युरोपी प्रवाशांनी इथल्या रेशमी कापडाची वाखाणणी करून ठेवली आहे. सतराव्या शतकात इथले काही विणकर मुंबईला जाऊन वसले. मी जन्मात चौलात माग पाहिला नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या तेवढ्या पाहिल्या.

मग मीच एक माग केला. ‘माग’ म्हणायचे धाडस म्हणून म्हणायचे! जुन्या तसबिरीची चौकट, वर-खाली ओळीने ठोकलेल्या बारीक चुका, आणि त्यांवरून वीणेच्या तारांसारखी ताणलेली सुताची दोरी. तुमच्यापैकी कुणाला हौस असेल तर एवढ्यावर भागते. उभे धागे ताठ हवेत. बोटाने छेडले तर वाजले पाहिजेत. आडवा धागा मात्र कधी ओढायचा नाही. तो कमानीसारखा सैल टाकायचा आणि मग वरून ठोकून बसवायचा. ओढलात की कापडाच्या कडा आत येतात, आणि चौकोनाचा डमरू होतो. ठोकायला मी जेवणाचा काटा वापरला. आडवा धागा असा दाटून बसला पाहिजे की उभा दिसताच कामा नये. सगळा भार उभ्याने सोसायचा आणि शोभा आडव्याची! संसारातही असली माणसे असतात.

रंगीत लोकर दोन दिवसांत संपली. मग हाती लागेल ते विणू लागले. पैठणीच्या अंगाच्या चिंध्या बोटभर रुंद कापून घातल्या. त्या लोकरीपेक्षा सुरेख बसल्या. कोळीवाड्यातून टाकाऊ जाळ्याचा नायलॉन आणला. तो निसरडा, जागेवर राहीना, म्हणून जुन्या सुताबरोबर दुपदरी करून घेतला. काथ्या राठ, पण ओला केला की वळतो. निळ्या समुद्राशेजारी मी काथ्याची तांबूस वाळू विणली. दोन्ही धागे सीमेवरून आपापले वळवले, अडकवले मात्र नाहीत. असे केले की मधे उभी फट राहते. ही फटही एक रीतच आहे. कुणी ती मुद्दाम राखतात, तिच्यातून सावली पडते.

यंदा धनत्रयोदशीला डबा घेऊन अक्का स्वतः आली. गुडघे धरून पायऱ्या चढली. चौकटीतले जांभळे रेशीम तिने लगेच ओळखले. काही बोलली नाही. मग त्या फटीत बोट घालून म्हणाली, “हे काय गं? इथे उसवलंय.”

“उसवलं नाही, अक्का. दोन्ही धागे आपापल्या घरी वळलेत.”

“वळू देत की! पण वळताना एकमेकांना हात लावायला काय होतं?”

तिने चष्मा पुसला, पाट ओढून घेतला आणि काथ्याचे टोक माझ्याकडे मागितले. नारळाच्या वाडीत जन्म गेलेला. काथ्या तिच्या हातात मऊ झाला. पुढच्या ओळी आम्ही दोघींनी विणल्या. निळा माझ्याकडे, तांबडा तिच्याकडे. दर ओळीला सीमेवर एकदा तिचा धागा माझ्यात अडके. खाली राहिलेली फट मात्र तिने शिवू दिली नाही. “राहू दे,” म्हणाली, “तीपण आपलीच.”

पदराचे काय करायचे ते पाडव्याला ठरले. जरवाल्याकडे तो जाणार नाही. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात सैल गुंडाळून सहा महिने नागावला आणि सहा महिने चौलला राहील. तो घेऊन जायला यायचे ते मात्र आम्हीच. तिसऱ्या माणसाने नाही.