फियाटचा श्वास

जुन्या फियाटचा कार्बोरेटर ठेवावा, की तो काढून त्याजागी इंजेक्शन बसवावे, हा प्रश्न धर्मगुरूंपुढे यावा याचे कोणास नवल वाटेल. वसईच्या धर्मग्रामांत ज्यांनी काही वर्षे काढली आहेत त्यांस वाटणार नाही. येथे वाडीच्या बांधापासून मुलीच्या स्थळापर्यंत सारे काही धर्मगुरूंच्या ओट्यावर येते. मग मोटारीनेच काय घोडे मारले आहे? शिवाय आम्हांस यंत्रांचे थोडे वेड आहे, हेही लोकांस ठाऊक झाले आहे.

प्रश्नामागे दोन भाऊ होते. वडिलांची पद्मिनी पन्नाशीच्या घरात आलेली. थोरल्याचे म्हणणे, पप्पांची गाडी जशी आहे तशीच राहिली पाहिजे. धाकटा इंजिनियर. गाडी उड्डाणपुलाच्या चढावर दोनदा बंद पडली, मागे ट्रकची रांग लागली आणि आत ऐंशी वर्षांचे वडील एकटे होते, हे तो विसरू शकत नव्हता. एकाने दुसऱ्यास निष्ठुर म्हटले, दुसऱ्याने पहिल्यास भाबडा म्हटले, आणि ईस्टरपासून उभयतांत बोलणे नव्हते.

कार्बोरेटरचे कार्य एका वाक्यात सांगण्यासारखे आहे: हवेत योग्य प्रमाणात पेट्रोल मिसळणे. इंजिन श्वास घेते तेव्हा हवा एका अरुंद गळ्यातून जाते. तेथे तिचा वेग वाढतो व दाब घटतो, आणि त्या घटलेल्या दाबामुळे शेजारच्या वाटीतील पेट्रोल एका बारीक छिद्रातून आपोआप खेचले जाते. त्या छिद्रास जेट म्हणतात. वाटीतील पातळी राखणारा फ्लोट म्हणजे आपल्या गच्चीवरील टाकीतल्या चेंडूचा धाकटा भाऊच. विजेचा संबंध नाही, हिशेब करणारा मेंदू नाही. निसर्गनियमच सारे काम करतो.

त्या अरुंद गळ्यास व्हेंच्युरी म्हणतात. हे नाव ज्यांचे, ते जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी (1746–1822) धर्मगुरू होते. 1769 साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली, रेज्जो एमिलियाच्या सेमिनरीत त्यांनी तर्कशास्त्र शिकविले आणि 1797 साली पॅरिस येथे प्रवाहांच्या गतीवरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. मोटार त्यांच्या स्वप्नातही आली नसेल. 1853 साली फ्लॉरेन्सच्या विद्वत्सभेकडे अंतर्ज्वलन इंजिनाची टिपणी सोपविणाऱ्या दोघांपैकी एक, एउजेनियो बार्सांती, हेही धर्मगुरूच. आमच्या सेमिनरीत या दोघांची नावे आमच्या कानी आली नाहीत. अॅक्वायनसचे पाच मार्ग मात्र पाठ झाले.

इंजेक्शनची रीत वेगळी. तेथे पेट्रोल खेचले जात नाही, दाबाने फवारले जाते. 1954 साली मर्सिडीज-बेंझच्या 300 एसएल या गाडीत हे काम यांत्रिक पंपाने होत असे. 1967 साली बॉश कंपनीची विजेवर चालणारी रचना फोक्सवॅगनच्या 1600 मध्ये आली, ती मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या धुराविषयीच्या कडक नियमांमुळे. भारतात 2000 सालच्या प्रदूषण-मानकांनंतर मोटारींतून कार्बोरेटर हळूहळू गेला, आणि 1 एप्रिल 2020 रोजी भारत स्टेज सहा लागू झाल्यावर नव्या दुचाकींतूनही त्याने निरोप घेतला.

धाकट्याची बाजू लंगडी नव्हती. कार्बोरेटरचे जेट एकदा बसविले की बसविले; हवा विरळ झाली हे त्याला कळत नाही. वसईच्या किनाऱ्यावर नीट चालणारी गाडी साडेतेराशे मीटर उंचीच्या महाबळेश्वरी पोहोचली की जरुरीपेक्षा अधिक पेट्रोल पिते. मे महिन्यात घाट चढताना पंपातच पेट्रोलची वाफ होते, आणि ओल्या फडक्याने पंप थंड करीत रस्त्याकडेला बसावे लागते. हा अनुभव आमच्या पिढीतील अनेकांच्या संग्रही असेल. इंजेक्शनचा मेंदू सायलेन्सरच्या नळीतील संवेदकावरून धुराचा अंदाज घेतो आणि क्षणाक्षणाला माप बदलतो. सकाळी चोक ओढावा लागत नाही.

परंतु ते जुन्या गाडीत बसवायचे म्हणजे काय, याचा हिशेब गॅरेजवाले क्वचितच सांगतात. पद्मिनीचा मूळ पंप इंजिनाच्या कॅमवर चालतो आणि अगदी कमी दाब देतो. इंजेक्शनला साधारणतः तीन बार वा अधिक दाबाचा विजेचा पंप हवा. म्हणजे नळ्या नव्या, टाकीकडे परतीची वाट नवी, आणि गाडीत जुना डायनॅमो असेल तर त्याजागी अल्टरनेटर. बाजारात मिळणारे तयार संच बहुतांशी मोठ्या अमेरिकन इंजिनांसाठी असतात. 1089 घनसेंटिमीटरच्या या चिमुकल्या इंजिनासाठी सुटे भाग दुसऱ्या गाड्यांचे आणून जुळवावे लागतात. जुळविणारा हुशार असला तर गाडी सुरेख चालते. पण तो उद्या कॅनडास गेला, तर ती वायरिंग उलगडणारा मेकॅनिक कोठून आणावा?

कायद्याचाही विचार करावा लागतो. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करता येत नाही. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातील वाहनांस ‘व्हिंटेज’ नोंदणी देऊ केली, परंतु अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन आणि रॅली यांस मुभा आहे. रविवारच्या मिस्सेचा उल्लेख आम्हांस त्यांत आढळला नाही. म्हणून या कुटुंबास साधी नोंदणीच, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करीत, सोयीची होती.

खरी अडचण मात्र पेट्रोलमध्येच शिरली आहे. 2023 पासून टप्प्याटप्प्याने वीस टक्के इथेनॉलचे मिश्रण पंपांवर आले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास हवेचे 14.7 भाग लागतात. या मिश्रणास सुमारे 13.5. इंजेक्शनची नवी गाडी हा फरक स्वतः भरून काढते. कार्बोरेटर जुन्याच मापाने ओतत राहतो, म्हणून मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते: गाडी अडखळते, तापते, चढावर खोकते. शिवाय इथेनॉल जुने रबर खाते आणि हवेतील ओलावा शोषून घेते. आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीस, आणि त्यात आपल्या पावसाळ्यास, हे मानवत नाही.

उड्डाणपुलावरच्या त्या दोन्ही प्रसंगांचे मूळ बहुधा येथेच होते. जुने मेकॅनिक म्हणत, कार्बोरेटरचे निम्मे दोष डिस्ट्रिब्यूटरमध्ये सापडतात. आम्ही धाकट्यास म्हटले, इंजेक्शनचा खर्च करण्यापूर्वी निदान पॉइंट पाहून घे. पाहिले, तर ते जळून काळे पडले होते.

आमचे मत विचाराल तर, ज्या जुन्या गाडीने रोज कामावर जायचे आहे, पन्नास मैल धावायचे आहे, तिला खुशाल इंजेक्शन बसवावे. जुनेपणाच्या प्रेमापोटी कोणी रस्त्यात अडकून पडण्यात पुण्य नाही. जी गाडी आठवड्यातून दोनदा देवळात व बाजारात जाते, तिला कार्बोरेटर पुरेसा आहे, अट एवढीच की तो आजच्या पेट्रोलसाठी नव्याने जुळवलेला असावा. ‘मूळचे आहे’ म्हणून 1975 सालचे जेट आणि तडकलेल्या रबरी नळ्या जपणे हे आम्हांस जतन वाटत नाही. अशा नळीतून गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर जपायला गाडीच उरायची नाही. थोरल्यास हे ऐकणे कठीण गेले.

हे सर्व बोलून झाल्यावर आम्ही दोघांस विचारले, “पप्पांना विचारले का?” दोघेही गप्प. गाडी वडिलांची, परवाना वडिलांचा, वडील हयात. आणि भांडण मात्र जणू मृत्युपत्र वाचून झाल्यासारखे. तेव्हा आम्हीच गेलो. वृद्ध गृहस्थ वाडीत केळीला पाणी सोडीत होते. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “फादर, तुम्ही काय ते बसवा. पण बंद पडली तर मला रस्त्यात उघडता आली पाहिजे. पोरांना फोन करीत बसणार नाही मी.”

त्यावर वाद संपला. कार्बोरेटर राहिला. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या विटॉनच्या घातल्या. डिस्ट्रिब्यूटरच्या आत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविले. ते बाहेरून दिसत नसल्याने थोरल्याचीही समजूत पटली, आणि जुने पॉइंट फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवले, म्हणजे पप्पांस वेळप्रसंगी परत लावता येतील. जेटचा क्रमांक म्हणजे मिलिमीटरचे शतांश. 120 च्या जागी 125 घेतला तर छिद्राचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते, हा हिशेब धाकट्याने कागदावर मांडून दाखविला. कागद बरोबर होता. गाडी मात्र 125 वर अजून थोडी खोकते, आणि 130 वर काळा धूर सोडते. सध्या दोघे भाऊ मिळून साडेसत्तावीसच्या शोधात कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे शनिवार घालवीत आहेत.