पिंप्राळ्याची जुनी ॲम्बेसेडर आणि रात्रीचा रस्ता

जळगाव शहराच्या पश्चिम अंगाला पिंप्राळा आहे. एकेकाळी हे वेगळे खेडे होते, आता महापालिकेच्या हद्दीत आले आहे. बाहेरचे लोक त्याला आषाढी एकादशीच्या रथामुळे ओळखतात. दिवसा कामाला गेलेली ही वस्ती रात्री घरी असते, आणि दुखणे-बाळंतपण नेमके रात्रीच दार ठोठावते.

आमच्या गल्लीत एका सेवानिवृत्त दादांची ॲम्बेसेडर आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यात या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण इथे अजून कुणाला घाईने सिव्हिलला न्यायचे असले की लोक दादांच्याच दारी जातात. म्हणून तिचे दिवे बिघडले तेव्हा साऱ्या गल्लीला काळजी पडली. हेडलाइट दहा मिनिटे जळत, मंद होत, मग विझत. थोडा वेळ थांबले की पुन्हा लागत. दार उघडल्यावर आतला दिवाही लागत नव्हता. अंधारात पेशंटचा चेहरा कसा पाहायचा?

कुणी म्हणाले बल्ब बदला, कुणी म्हणाले बॅटरी. मिस्तरीने डॅशबोर्डवरचे ओढायचे बटण हाताने चाचपले आणि म्हणाला, “भाऊ, बल्बना दोस नही, स्विच तपी राहिना.”

वाचकहो, हिशेब साधा आहे. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून १० ॲम्पिअर प्रवाह ओढतात. जुन्या गाडीत तो सगळा स्विचमधून जातो. आतले पितळी टोक काळे पडले की ते तापते आणि वीज तिथेच खर्ची पडते. जमा-खर्चाची वही जुळत नसली की आपण पानामागून पान तपासतो, तसेच मिस्तरीने केले. दिवे चालू ठेवून मीटर लावले. स्विचच्या आत येणारा दाब १२ व्होल्टच्या वर होता, बाहेर पडणारा जेमतेम साडेदहा. चोर सापडला! दाब दहा टक्क्यांनी घटला तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दोन्ही दिवे एकदम गेले तर स्विच, फ्यूज किंवा सामाईक तार पाहावी. एकच गेला तर त्याचा बल्ब किंवा बॉडीला जोडलेली अर्थची तार. फक्त डिपर किंवा फक्त अपर गेला तर पायाजवळचे डिपरचे बटण. चिखलपाणी आधी तिथेच साचते. दोन्ही बल्बांची तीच एक फिलामेंट जळालेली नाही ना, तेही पाहून घ्यावे. आतल्या दिव्याचे बटण दाराच्या चौकटीत असते. दार उघडले की ते बाहेर येते आणि बॉडीशी जोड मिळतो. तिथला गंज पॉलिश पेपरने घासताच दिवा लागला. हेच बटण आत दबलेले अडकले तर दिवा लागत नाही, बाहेर अडकले तर दिवा रात्रभर जळतो. ५ वॅटचा दिवाही दोन-तीन दिवसांत बॅटरी बसवू शकतो.

नवा स्विच आणि रिले बसवला. आता जड प्रवाह बॅटरीतून फ्यूज आणि रिलेमार्गे थेट दिव्यांकडे जातो, स्विचवर भार राहत नाही.

त्याच आठवड्यात धुळ्याला जाणे झाले. बांभोरीला गिरणेचा पूल, मग पाळधी, एरंडोल, पारोळा. केळीचे ट्रक, रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या, कडेने चालणारे मजूर. एरंडोलच्या पुढे अंधारात एक बैलगाडी दिसली, ती दूरवरूनच. दादांनी वेग कमी केला आणि डिपर दिला. गाडीवानाने हात वर केला. महिन्याभरापूर्वीच्या मंद उजेडात ती कितपत दिसली असती?

खान्देशातल्या उन्हात वायरचे रबर कडक होऊन तडकते. म्हणून उन्हाळा संपता संपता, पावसाळ्याआधी, एकदा दिवे तपासून घ्या. फ्यूज गेला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावू नका; तार पेटते. आणि दर महिन्याला एकदा रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिवे पाहा. रस्त्यावरून पायी चालणाऱ्याचा जीव त्या उजेडावर असतो.