खासर, रेंगी आणि दारची व्हॅन



यंदाच्या महाशिवरात्रीला आम्ही घरची सात माणसे गायमुखच्या यात्रेला जाऊन आलो. यात्रा काही नवी नाही. तुमच्यापैकी अनेकजण दरवर्षी जात असतील. पण यंदा माझी माय, वय वर्षे ८२, पाठ टेकून, खिडकीशी बसून गेली. त्याआधी ती लहानपणी रेंगीत बसून गेली होती, लग्नानंतर एस.टी.ने, आणि गेली काही वर्षे पिकअपच्या मागच्या डाल्यात, तणसावर सतरंजी अंथरून. गाडी अड्याळच्या बाहेर पडली तशी ती म्हणाली, "आता मी माणसावानी बसली."

हे ऐकून गाडी चालवणारा पुतण्या हसला. थोरला भाऊ मात्र हसला नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

आमचे घर अड्याळच्या पुढे, पवनीच्या वाटेवर. सहा एकर धानाची शेती भाऊ पाहतो. मी अकोल्याला कृषी पदवी घेतली आणि विस्ताराच्या नोकरीत जिल्हाभर हिंडलो. नोकरीला लागलो तेव्हा गोंदियाही आपल्याच जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी तो वेगळा झाला. तेव्हापासून आजपर्यंत खते-बियाणांबद्दल जितके प्रश्न मला विचारले गेले, जवळजवळ तितकेच गाड्यांबद्दल विचारले गेले असतील. "साहेब, जुनी पिकअप काढून टाकतो, व्हॅन घेऊ काय जी?" हा प्रश्न अलीकडे फार येतो. भावाने मात्र मला न विचारताच दिवाळीनंतर २०१० सालची पिकअप विकली आणि सात बसणाऱ्यांची व्हॅन दारात आणून उभी केली.

आमच्या आजोबांच्या दारात दोन गाड्या असत. एक खासर आणि एक रेंगी. खासरात धान, तणीस, शेणखत, लाकूड. रेंगी हलकी, तिच्यात माणसे बसायची, लेकी माहेरी यायच्या, यात्रेला जायचे. बैलसुद्धा वेगळे. चिखलणीचा थोराड बैल रेंगीला जुंपत नसत आणि रेंगीचा चपळ बैल चिखलात घालत नसत. आजोबा शाळेत गेले नव्हते, पण माल आणि माणूस एका गाडीत घालायचा नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

पिकअप आली आणि हा भेद मोडला. सकाळी खताच्या बॅगा, दुपारी रोवणीच्या बाया, संध्याकाळी नवरदेवाकडची मंडळी, रात्री मंडईचे नाटक. तुम्ही झाडीपट्टीतले असाल तर दिवाळीनंतरच्या मंडयांचे दिवस तुम्हाला सांगायला नकोत. एका गावी दंडार, दुसऱ्या गावी नाटक. रात्रभर पाहायचे आणि पहाटे झोपेने जडावलेली पंधरा-वीस माणसे डाल्यात उभी राहून घरी यायची. आम्हीही असेच आलो आहोत. मीही, कृषी खात्याचा माणूस असून!

दोन वर्षांमागे अशाच एका पहाटे, धुक्यात, वळणावर समोर गुरे आली. पुतण्याने ब्रेक मारला. गाडी उलटली नाही, कुणी मेले नाही. पण डाल्यातली माणसे एकमेकांवर आदळली, वहिनी फळीवरून खाली पडल्या आणि त्यांच्या खांद्याचे हाड मोडले. त्या वर्षीच्या उन्हाळी धानाचा निम्मा पैसा त्यात गेला. विम्याचे विचारायला गेलो तेव्हा कळले, ते आधीच विचारायला हवे होते. मालवाहू गाडीत मालासोबत बसलेला मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला माणूस, यांनाच विम्याचे संरक्षण असते. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली. डाल्यात बसलेल्या इतर माणसांसाठी विमा कंपनी बांधील नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरले आहे. म्हणजे उद्या रोवणीच्या दहा बाया घेऊन जाणारी गाडी उलटली तर भरपाई मालकाच्या शेतातून जायची. आणि शेतच नसेल तर त्या बायांच्या लेकरांना काय मिळायचे?

असो. यात्रेकडे वळू.

आमच्या गावाहून गायमुख म्हणजे जिल्ह्याच्या दक्षिणेकडून थेट उत्तरेच्या टोकाला. पहाटे निघालो. बांध्यांमध्ये धानाच्या मागे उतेऱ्याची लाखोळी वाळत आलेली, कुठे जवस, पाण्याची सोय आहे तिथे उन्हाळी धानाचे हिरवे चौकोन. पळस नुकताच पेटू लागलेला. पहेल्यावरून पुढे आले की कारध्याच्या पुलावर वैनगंगा लागते. मायने नेहमीप्रमाणे हात जोडले. २०२० च्या ऑगस्टअखेरीस हीच नदी काय रूप घेऊन आली होती ते काठच्या लोकांनी पाहिले आहे. हल्ली गोसीखुर्दच्या धरणामुळे उन्हाळ्यातसुद्धा पात्र भरलेले दिसते. त्या धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाले तेव्हा मी शाळेत होतो. कुणाचे शेत भिजले आणि कुणाचे गाव बुडाले, दोन्ही त्या एकाच पाण्याने.

भंडारा, वरठी, मोहाडी असे आम्ही जात होतो आणि भाऊ आपला हिशेब मला सांगत होता. त्याचे चुकले नव्हते हे मी कबूल करतो. सहा एकरांत एकरी पंधरा क्विंटल धरले तरी नव्वद क्विंटल धान. पिकअपच्या एका खेपेत पंधरा क्विंटल गेले तर सहा खेपा झाल्या. खत-बियाणाच्या दोन-तीन. म्हणजे वर्षात आठ-नऊ दिवस तिचे खरे काम. बाकी दिवस ती माणसेच वाहत होती, तीही धोक्याने. शिवाय मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याचा खर्च वेगळा, टायरांचा वेगळा. "धानाच्या सहा खेपा भाड्याच्या ट्रॅक्टरनं करू," भाऊ म्हणाला. "पण मायले दवाखान्यात भाड्याच्या डाल्यात कायले नेऊ?"

तुम्हीही गाडी बदलण्याआधी असाच हिशेब मांडा. एक साधी वही घ्या आणि वर्षभर लिहा, आज गाडीत काय गेले, किती गेले, कोण बसले. भाजीवाल्या शेतकऱ्याचे उत्तर आमच्या भावाच्या उलट येईल. ज्याला रोज पहाटे वांगी-टमाटर बाजारात न्यायचे आहेत त्याने पिकअप विकून व्हॅन घेतली तर महिन्याभरात पस्तावेल. टोपल्यांनी आतले कापड फाटते, वास जात नाही, आणि पावसाळ्यात पांदणीवर व्हॅनचे पोट चिखलाला टेकते. आमचीही जुलैत टेकणारच आहे, तेव्हा पाहू.

मोहाडीला चौंडेश्वरीचे दर्शन घेऊन चहा घेतला. तिथे भावाने हळूच मनातली गोष्ट काढली. गावाजवळच्या एका वेल्डिंगवाल्याने त्याला सांगितले होते, व्हॅनच्या मागे हूक लावून देतो, दोन चाकांची लहान ट्रॉली जोडा, म्हणजे दहा-बारा पोती सहज जातील. भाऊ खूष होता. मी त्याला गाडीखाली वाकून पाहायला लावले, सणाच्या धोतरासकट! पिकअपच्या खाली दोन लांब पोलादी पट्ट्यांची चासी असते, ओढ तिच्यावर येते. अशा लहान व्हॅनला ती नसते. पत्र्याचा सांगाडाच सारा भार घेतो. त्याला हूक डागला तर ओढ पत्र्यावर येते आणि डागलेल्या जागी तो फाटू लागतो. चढावर क्लच जळतो. उतारावर त्याहून वाईट, कारण ट्रॉलीला ब्रेक नसतो आणि भरलेली ट्रॉली मागून गाडीला ढकलते. बैल उतारावर मागे रेलून खासर आवरतो ते तुम्ही पाहिलेच आहे. व्हॅनला तसे रेलता येत नाही. आणखी एक, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रॉलीसुद्धा वाहन आहे, तिची नोंदणी वेगळी लागते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत किती ओढायचे ते लिहिले नसेल तर काही ओढू नये.

भाऊ उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "म्हणजे हे रेंगीच आहे."

"हो जी दादा," मी म्हटले, "रेंगीच."

पुतण्याच्या डोक्यात आणखी एक बेत होता, तो सूनबाईने सांगितला. लग्नसराईत व्हॅन भाड्याने द्यायची. त्यालाही मी नाही म्हटले. घरगुती म्हणून नोंदवलेली गाडी भाड्याने चालवली तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते, आणि आपण पुन्हा डाल्याच्याच जागी येतो. धंदाच करायचा असेल तर तशी नोंदणी, परवाना, विमा घेऊन उघड करावा. पुतण्या माझ्यावर थोडा रागावला. बराच वेळ त्याने गाणी मोठ्याने लावली.

तुमसर आले. धानाचा आणि तांदळाच्या गिरण्यांचा हा जुना बाजार. यात्रेच्या दिवशीही रस्त्यावर पोत्यांच्या गाड्या होत्याच. तिथून पुढे सातपुड्याच्या टेकड्या दिसू लागतात, अंबागडचा किल्ला त्याच अंगाला. झाड दाट होत जाते आणि रस्त्यावर यात्रेकरूंची रांग लागते. पायी, मोटारसायकलींवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत, पिकअपच्या डाल्यांत.

गाडी बरीच दूर लावावी लागली. मायला मी आणि वहिनींनी दोन बाजूंनी धरून नेले. गायमुखाच्या झऱ्याशी गर्दी फार होती. तिने ओंजळभर पाणी तोंडावर मारले, दर्शन घेतले, आणि परतताना पिपरीच्या सावलीत बसून चिवडा खाल्ला. तेवढ्यात भाऊ उठून उभा राहिला. समोरून एक पांढरी पिकअप सावकाश येत होती. फाळक्यावर आमच्या आजोबांचे नाव रंगवलेले होते, अर्धे खरवडलेले. तीच. आमचीच. डाल्यात सोळा-सतरा माणसे उभी, त्यांत दोन पोरी कडेवर लहान भाऊ घेऊन.

"तिचे नाव बदलून झाले काय?" मी भावाला विचारले.

तो गप्प राहिला. पैसे रोख मिळाले होते, स्टँप पेपरावर सह्या झाल्या होत्या, किल्ली दिली होती. २९ आणि ३० नंबरच्या अर्जांवर सह्या घेऊन घेणाऱ्याने कागद नेले होते आणि "करतो" म्हटले होते. त्याला तीन महिने होऊन गेले. वाचकहो, स्टँप पेपराने गाडी सुटत नाही. परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव, त्याला कायदा मालक धरतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले आहे. गाडी विकल्याचे विकणाऱ्याने १४ दिवसांत कार्यालयाला कळवायचे असते. त्या डाल्यातल्या सोळा-सतरा जिवांची जबाबदारी त्या क्षणी आमच्या सहा एकरांवर होती आणि आम्ही सावलीत बसून चिवडा खात होतो.

भावाने हात करून गाडी थांबवली. घेणारा भला माणूस निघाला, तुमसर तालुक्यातलाच, लहान शेतकरी. त्याने लपवाछपवी केली नाही. धानाचा चुकारा अडकला, नाव बदलण्याच्या खर्चाला पैसा नव्हता, एवढेच. डाल्यातली माणसे त्याच्या घरची आणि शेजारची होती. त्यांना उतरवून तरी काय करणार? परतीची सोय दुसरी नव्हती. वहिनी मात्र पुढे झाल्या. त्यांनी त्या दोन पोरींना आणि कडेवरच्या लेकरांना खाली घेतले आणि आमच्या व्हॅनमध्ये बसवले. मग आमच्याकडची जागा पुरेना, म्हणून भाऊ आणि मी एस.टी.ने तुमसरपर्यंत आलो. पोरी तिथे आपल्या मायजवळ दिल्या.

नाव बदलण्याचा खर्च निम्मा-निम्मा ठरला. सोमवारी भाऊ भंडाऱ्याला परिवहन कार्यालयात गेला, घेणाराही आला. अर्ज आता संगणकावर भरावा लागतो. तो पुतण्याने भरून दिला. पावती घेऊन भाऊ घरी आला आणि ती त्याने सात-बाराच्या कागदांसोबत पेटीत ठेवली. वेल्डिंगवाला संध्याकाळी हूक घेऊन आला होता. त्याला चहा पाजून परत पाठवला.