गाडीवाला

ती आली तेव्हा तिच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी होती आणि पिशवीत नवऱ्याचा खटला. उमरग्याहून रात्रीच्या गाडीनं बसून पहाटे हैदराबादला उतरली होती. दारातच म्हणाली, "वकीलबाईंनी धाडलंय. तुम्हाला तिकडचं बी वाचता येतं म्हनले." तिकडचं म्हणजे तेलुगू.

माझा जन्म काचीगुड्यातला. घरात मराठी, गल्लीत उर्दूमिश्रित हिंदी, शाळेत तेलुगू. चाळीस वर्षं या तिन्हींच्या मधे उभी राहून भाषांतरं करते आहे. बहुतेक कथांची, पण कथांना कोणी पैसे देत नाही, खरेदीखतांना देतात, म्हणून तीही करते. फौजदारी खटल्याचे कागद त्याआधी हातात आले नव्हते. 2021 चा पावसाळा होता, कोर्टं नुकती पुन्हा माणसांनी भरू लागली होती.

तिचा नवरा ट्रकड्रायव्हर. 2016 च्या उन्हाळ्यात अनकापल्लीहून गुळाच्या ढेपा भरून सोलापूरकडे निघाला होता. महामार्गावर एका केंद्रीय खात्याच्या अधिकाऱ्यांनी गाडी थांबवली. गुळाखाली दोनशे किलोंच्या वर गांजा निघाला. अमली पदार्थांच्या कायद्यात, म्हणजे 1985 च्या एनडीपीएसमध्ये, वीस किलोंच्या वरचा गांजा 'व्यापारी प्रमाण' धरला जातो. किमान शिक्षा 10 वर्षं आणि 1 लाख रुपये दंड. कलम 37 मुळे जामीन जवळजवळ अशक्य. 2018 मध्ये विशेष न्यायालयानं किमान तेवढी शिक्षा दिली. गाडीचा मालक आरोपींत नव्हता. आपण गाडी फक्त भाड्यानं दिली होती, असं त्यानं सांगितलं आणि तसे कागद दाखवले.

शिक्षा दोन गोष्टींवर उभी होती. एक, पकडल्यावर खात्याच्या कचेरीत कलम 67 खाली घेतलेला ड्रायव्हरचा कबुलीजबाब. तो हिंदीत होता, दुसऱ्याच्या अक्षरात. खाली सही मात्र ह्याची, मराठी वळणाची, ल गाठीचा. दुसरी गोष्ट, गाडीतल्या क्लीनरची साक्ष. क्लीनरलाही त्याच वेळी पकडलं होतं. सहा महिन्यांनी त्याला माफी मिळाली आणि तो सरकारपक्षाचा साक्षीदार झाला.

इंग्रजीत अशा माणसाला अप्रूव्हर म्हणतात. तेलुगू कागदांतही तोच शब्द तेलुगू अक्षरांत येतो. त्या शब्दावरून काहीच कळत नाही. वाटतं, कसल्या तरी अर्जाला मंजुरी देणारा साहेब असेल. आपल्याकडे त्याला 'माफीचा साक्षीदार' म्हणतात. त्याला काय मिळालं हे मराठीनं नावातच लिहून ठेवलंय. इंग्रजीला हे का सुचलं नाही कोण जाणे.

कायद्याला मात्र ते ठाऊक आहे, आणि त्याचं मन त्यावर ठरलेलं नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 133 म्हणत होतं की साथीदाराच्या साक्षीला दुजोरा नसला, तरी तेवढ्यावरून शिक्षा बेकायदा ठरत नाही. त्याच कायद्याच्या कलम 114 खाली उदाहरण होतं की दुजोरा नसेल तर साथीदार विश्वासाला अपात्र आहे, असं न्यायालयाला गृहीत धरता येतं. 1957 मध्ये सरवण सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दोन चाळण्या सांगितल्या: आधी हा माणूस मुळात भरवशाचा साक्षीदार वाटतो का, आणि मग महत्त्वाच्या मुद्द्यांवर त्याला दुसरीकडून दुजोरा आहे का. जुलै 2024 पासून नवा कायदा आला. त्यात 133 चं 138 झालं आणि 'अनकरॉबरेटेड'मधला 'अन' गेला. आता दुजोरा असलेल्या साक्षीवरची शिक्षा बेकायदा नाही, एवढंच ते कलम सांगतं. भाषांतरकाराच्या हातून असा एक उपसर्ग गळला तर त्याला पुन्हा काम मिळत नाही. इथे तो मुद्दाम गाळला असावा, आणि बरंच केलं. पण आमचा खटला जुन्या कायद्यातला.

वकीलबाईंनी मला फोनवर समजावलं. 29 ऑक्टोबर 2020 ला तोफान सिंग खटल्याचा निकाल आला होता. तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी ठरवलं की कलम 67 खालचा असा जबाब कबुलीजबाब म्हणून पुराव्यात धरता येणार नाही. "म्हणजे एक पाय गेला," त्या म्हणाल्या. "आता सगळं ओझं क्लीनरवर. माल गाडीत होता, हे कोणी नाकारत नाही. गाडीत काय आहे ते ड्रायव्हरला माहीत होतं का, एवढाच प्रश्न आहे. आणि ह्या कायद्यात माहीत होतं असंच धरून चालतात; नव्हतं हे आपण दाखवायचं. क्लीनर म्हणतो, माहीत होतं."

तो क्लीनर म्हणजे हिचा सख्खा धाकटा भाऊ.

हे तिनं मला लगेच सांगितलं नाही. मी दंडाधिकाऱ्यांसमोरचा त्याचा जबाब वाचत होते, तेव्हा म्हणाली, "तेवढं सावकाश वाचा, आमचा धाकटा हाय त्यो." त्या वेळी एकोणीस वर्षांचा. मेहुण्यानंच त्याला गाडीवर घेतलं होतं, गावात रिकामा फिरतो म्हणून.

मग तिनं विचारलं, "ताई, ह्यो खोटं बोलला असं निघालं, तर त्याला आत घालतेत का?"

मी वकीलबाईंना विचारून दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. घालू शकतात. माफीच्या साक्षीदारानं अट मोडली, खोटं सांगितलं, असं सरकारी वकिलानं लिहून दिलं, तर मूळ गुन्ह्याचा खटला त्याच्यावर पुन्हा चालू शकतो. फारसं कोणी ते करत नाही, पण कलम आहे. तिनं ऐकून घेतलं आणि पिशवीची बंदं बोटाला गुंडाळत बसली. नवऱ्यासाठी भांडायचं म्हणजे भावाला खोटं पाडायचं. मी चहा केला. त्या घडीला मला दुसरं काही सुचलं नाही.

दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब हाती लिहिलेला, तेलुगूत. मुलगा मराठी-हिंदी बोलला असणार आणि कोर्टातल्या कोणी हिंदी येणाऱ्यानं तो तेलुगूत सांगितला असणार. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: पैशाचं सगळं बोलणं गाडीवाल्यानं केलं होतं, मला त्यातलं माहीत नव्हतं. 'गाडीवाला' हा शब्द तेलुगू अक्षरांत जसाच्या तसा होता आणि पुढे कंसात, त्याच शाईनं, 'ड्रायव्हर'.

मी तिथे थांबले. काचीगुड्यात गाडीवाला म्हणजे गाडी चालवणारा. पण उमरग्याकडच्या माझ्या आत्याच्या घरी उसाच्या हंगामात 'गाडीवाल्याचा फोन आला का' असं विचारलं जायचं, तेव्हा ज्याच्या मालकीची गाडी आहे, त्याच्याबद्दल बोलणं असायचं. मी तिला शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "तुमच्याकडे गाडीवाला म्हणजे कोण?"

"गाडीवाला म्हंजे गाडीवाला," ती म्हणाली. "ज्याची गाडी त्यो." मग जरा थांबून, "नायतर चालवनारा."

विशेष न्यायालयातली साक्ष इंग्रजीत टंकलेली होती. तिथे शब्दाचा घोळ उरला नव्हता. पैशाचं बोलणं आरोपी क्रमांक एकनं केलं, असं सरळ लिहिलं होतं, आणि पुढे: साक्षीदार आरोपीला ओळखतो. विधी सेवेच्या वकिलानं उलटतपासणीत तीन प्रश्न विचारले होते. आधी दंडाधिकाऱ्यांसमोर तू नेमका कोणता शब्द वापरला होतास, हा त्यांत नव्हता.

तिला वाचून दाखवताना मी ती ओळख पटवल्याची ओळ गाळली. भाषांतरात मी कधी ओळ गाळत नाही. संपादकांशी त्यावरून भांडले आहे. त्या दिवशी गाळली. पुढचं पान उलटलं आणि ती म्हणाली, "बोट दावलं त्याचं लिव्हलंय का त्यात?"

मी काही बोलले नाही.

"मी व्हते की तिथं. मागल्या बाकड्यावर. बोलनं काय कळलं नाही, पर बोट तर दिसलं मला."

मग मी मागचं पान काढलं आणि ती ओळ वाचली.

वकीलबाईंना 'गाडीवाला' फार आवडला. अपिलात मुद्दा घेता येईल, म्हणाल्या: पहिल्या जबाबातला शब्द मालकाबद्दल होता, लिहिणाऱ्यानं कंसात आपला अर्थ घातला, आणि त्या कंसावर पुढची सगळी साक्ष बेतली गेली. त्यांना माझ्याकडून टिपण हवं होतं की सीमाभागातल्या मराठीत या शब्दाचा अर्थ 'मालक' असा होतो. मी लिहिलं की 'मालक' असाही होतो आणि 'चालक' असाही, आणि या वाक्यात कोणता, हे वाक्यावरून ठरत नाही. त्या म्हणाल्या, "एवढंच लिहा ना, 'मालक असा होतो'. खोटं नाहीये ते." खोटं नव्हतंच. तरी मला ते लिहिता आलं नाही. त्या रात्री झोप आली नाही हे खरं. एक माणूस पाच वर्षं आत आहे आणि आपण शब्दकोश घेऊन बसलोय, असं वाटत राहिलं. शिवाय मला तो अर्थ 'मालक' असायला हवा होता. मुलगा खोटं बोलला नाही, कोणीतरी त्याला चुकीचं लिहून घेतलं, असं निघालं असतं तर तिच्या घरातलं सगळंच मिटलं असतं. ज्या अर्थाची आपल्याला इतकी ओढ आहे, त्यावर विश्वास ठेवायला मी कचरते. टिपण दोन्ही अर्थांसह गेलं.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, ती आठवली की अजून हसू येतं. 2018 मध्ये अपील हैदराबादच्या उच्च न्यायालयात दाखल झालं होतं. 1 जानेवारी 2019 पासून आंध्रचं उच्च न्यायालय वेगळं झालं आणि कागद अमरावतीला गेले. हिला कोणी सांगितलं, केस आता अमरावतीला. "मग बरं झालं की, आपल्यातच आली," म्हणून ती सोलापूरला जाऊन वऱ्हाडातल्या अमरावतीच्या गाडीची चौकशी करून आली होती. आपल्यातच आली असती तर मराठीत तरी चालली असती, असं तिचं म्हणणं. आपल्याकडच्या उच्च न्यायालयातही इंग्रजीच चालतं, हे मी तिला सांगितलं नाही.

2023 च्या सप्टेंबरात निकाल लागला. शिक्षा रद्द. वकीलबाईंनी निकालपत्र पाठवलं, मी अधाशासारखं वाचलं. 'गाडीवाला' कुठेच नव्हता. गांजाचे नमुने अधिकाऱ्यांनी रस्त्याच्या कडेलाच, जप्तीच्या वेळीच काढले होते. कलम 52ए प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर यादी करून, त्यांच्या देखत नमुने काढायला हवे होते. 2016 च्या मोहनलाल निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट सांगितलं होतं, आणि 2023 च्या मे महिन्यात याच कारणावरून पंजाबातल्या एकाची शिक्षा रद्द केली होती. तेव्हा प्रयोगशाळेत पोचलेला माल तोच होता हे सिद्ध होत नाही, संपलं. माफीच्या साक्षीदाराबद्दल एकच वाक्य: वरील निष्कर्ष पाहता इतर मुद्द्यांत शिरण्याची आवश्यकता नाही. क्लीनर खरा की खोटा, हे कोणी ठरवलं नाही. अधिकाऱ्यांना मुळात खबर कोणी दिली, हेही कुठल्या कागदात नाही. कलम 68 मुळे ते सांगायची त्यांच्यावर सक्ती नाही.

आठवड्याभरानं तिचा फोन आला, आणि तिनं तो नवऱ्याकडे दिला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. आभार वगैरे झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, त्यात मी ते केलेलं नाही, असं लिहिलंय का?"

"सुटका केली, असं लिहिलंय," मी म्हटलं.

"ते झालं. पण केलं नाही, असं?"

"नाही. तसं नाही लिहिलेलं."

ते "बरं" म्हणाले आणि फोन परत तिच्याकडे दिला.

दिवाळीच्या आधी तिचा पुन्हा फोन आला. मागे कुठेतरी गिरणीचा आवाज होता. भाजणी दळायला आली असावी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ताई, भाऊबिजेला धाकट्याला बोलवावं का?"

"ह्यांना विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हनले, बोलाव. मी दिवसभर रानात जाऊन बसतो."